संपूर्ण ऑपेराचा स्कोअर संगणकावर उतरवताना : आधी सांगाडा, मग गळा, पान सर्वांत शेवटी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन अंकी, सुमारे दोन तासांच्या ऑपेराचे हस्तलिखित आपल्याकडे आले आहे. त्यात चार एकल गायक, कोरस आणि मध्यम आकाराचा ऑर्केस्ट्रा आहे. आपण पहिल्या पानापासून सुरुवात करून हस्तलिखिताची नव्वद पाने जशीच्या तशी संगणकावर उतरवली आहेत. आता फाइल मंदावली आहे, गीताचे शब्द एकमेकांवर चढत आहेत, गायक व्होकल स्कोअर (फक्त गायकांच्या ओळी आणि पियानोची साथ असलेले पुस्तक) मागू लागले आहेत, आणि सॉफ्टवेअर बदलावे का, अशा विचारात आपण आहात.

ज्याला आपण सॉफ्टवेअरची अडचण समजता आहात, ती बव्हंशी कामाच्या क्रमाची अडचण आहे, असे मला वाटते. सिम्फनी म्हणजे एक पुस्तक आणि त्यातून निघणारे पार्ट, म्हणजे वादकाला फक्त त्याच्या वाद्याची ओळ देणाऱ्या पुस्तिका. ऑपेरा मात्र एकाच मजकुरातून निघणारी चार वेगवेगळी पुस्तके असतात. कंडक्टरसाठी पूर्ण स्कोअर, गायकांसाठी आणि तालमीच्या पियानोवादकासाठी व्होकल स्कोअर, कोरसची स्वतंत्र पुस्तिका, आणि वादकांचे पार्ट. ही पुस्तके वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळ्या माणसांच्या हाती पडतात. पण तालमीत कोणी ‘७२ पासून घेऊ’ असे म्हटले, की सगळ्यांचे बोट एकाच बारवर (दोन उभ्या रेषांमधल्या तालाच्या एका खान्यावर) पडावे लागते. आपण सध्या यांपैकी एकच पुस्तक, तेही सर्वांत शेवटी लागणारे, पान सजवत सजवत करता आहात. आधी कळस मग पाया, असा हा प्रकार झाला आहे.

पुढे जे लिहितो आहे त्यातला काही भाग परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच मान्य करतो. संगीतकार अजून बदल करतो आहे की संहिता पक्की झाली आहे. प्रयोगाची तारीख ठरली आहे की नाही. स्कोअर कागदावर छापला जाणार की टॅब्लेटवर वाचला जाणार. पार्ट आपणच करणार की दुसरे कोणी. या चार प्रश्नांची उत्तरे बदलली की माझा सल्लाही थोडा बदलेल. संगीतकार हयात आहे आणि तालमीत बदल होणारच, असे मी गृहीत धरले आहे, कारण नव्या ऑपेराच्या बाबतीत तेच बहुधा खरे ठरते.

सॉफ्टवेअरचा मुद्दा लवकर संपवतो. डोरिको, सिबेलियस, म्यूझस्कोअर आणि लिलीपॉण्ड या स्वरलेखनाच्या चारही साधनांनी पूर्ण ऑपेरा छापण्याजोगा उतरवता येतो. फिनाले वापरत असाल तर गोष्ट वेगळी आहे, कारण त्याचा विकास थांबवल्याचे निर्मात्यांनी २०२४ साली जाहीर केले. सुरू असलेले काम त्यात पुरे करता येईल, पण काही वर्षांनी पुनर्प्रयोगासाठी फाइल उघडावी लागेल तेव्हा काय, हा विचार आजच करायला हवा. डोरिकोत एका प्रकल्पात अनेक स्वतंत्र संगीतखंड ठेवता येतात, आणि २०१९ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून दोन बासऱ्या वेगवेगळ्या नोंदवून स्कोअरमध्ये त्या आपोआप एका स्टाफवर (स्वर लिहिण्याच्या पाच आडव्या रेषांच्या संचावर) आणण्याची सोय आहे. ऑपेरासाठी या दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. लिलीपॉण्डमध्ये संगीत मजकुराच्या रूपात लिहावे लागते, त्यामुळे कोणत्या दिवशी काय बदलले हे शोधणे फार सोपे जाते. मात्र संगीतकार शेजारी बसून ‘हे जरा वर घ्या, ते जरा खाली’ असे सांगणार असेल, तर तीच पद्धत जिकिरीची होते. तरीही अर्ध्या वाटेवर गाडी बदलण्याचा सल्ला मी सहसा देत नाही. म्युझिकएक्सएमएल या देवाणघेवाणीच्या स्वरूपातून स्वर, लय, गीताचे शब्द आणि बहुतेक स्लर (स्वर जोडणाऱ्या कमानी) नीट पोहोचतात. हाताने सरकवलेल्या खुणा, लपवलेले स्टाफ आणि सुटा मजकूर यांची मात्र खात्री देता येत नाही. बदलायचेच असेल तर आपल्या ऑपेरातला सर्वांत गर्दीचा एक प्रवेश निवडा, तेवढाच नव्या साधनात नेऊन पाहा, आणि तो दुरुस्त करायला लागलेल्या वेळाला उरलेल्या पानांनी गुणा. उत्तर आपोआप मिळेल.

आता मूळ विषय. मी कोणत्याही ऑपेराची सुरुवात स्वरांनी करत नाही, सांगाड्याने करतो. म्हणजे एकही स्वर न भरता संपूर्ण अंकाचे रिकामे बार, तालचिन्हे, पट्टीची चिन्हे, लयीच्या सूचना, दुहेरी रेषा, सर्वांना लागू असलेले फरमाटा (स्वर रोखून धरण्याच्या खुणा) आणि रिहर्सल आकडे (तालमीत जागा सांगण्यासाठीच्या ठळक खुणा) एवढेच नोंदवतो. दोन तासांच्या ऑपेराला हे काम साधारण दोन-तीन दिवस घेते, आणि ते करताना हस्तलिखितातल्या निम्म्या शंका वर येतात : इथे लय बदलली आहे की ती फक्त ओळीवरची टिपण आहे, हा बार दोनदा मोजला गेला आहे का, पुनरावृत्तीत दुसऱ्या वेळी बार कमी आहेत का. शंकांची ही यादी संगीतकाराला पाठवून उत्तरे आली, की सांगाडा गोठवायचा. त्यानंतर बारची संख्या बदलायची नाही.

‘बदलायची नाही’ म्हणजे संगीतकाराने बदल करू नये, असे नाही. व्होकल स्कोअर वाटल्यानंतर त्याने १४३ आणि १४४ या बारांमध्ये दोन बार घातले, तर त्यांना १४३ अ आणि १४३ ब असे क्रमांक द्यायचे आणि पुढचे आकडे जागचे हलू द्यायचे नाहीत. बार काढला तर त्याचा आकडा गळू द्यायचा. हे दिसायला ओबडधोबड दिसते, पण वाटून झालेल्या चाळीस प्रतींमधले आकडे खोडत बसण्यापेक्षा कितीतरी बरे. हा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या एका कामात व्होकल स्कोअरमध्ये प्रत्येक गाण्याला बारचे आकडे नव्याने सुरू केले होते आणि पूर्ण स्कोअरमध्ये ते अंकभर सलग ठेवले होते. दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्य आहेत. पण ऑर्केस्ट्रा आणि गायक पहिल्यांदा एकत्र आले त्या दिवशी कोणाचाच आकडा कोणाशी जुळेना, आणि मी कोपऱ्यात बसून दोन्ही पुस्तकांचे कोष्टक हाताने बनवत होतो. रिहर्सल आकडे मात्र हात न आखडता द्यावेत. ऑपेरात काटछाट ठरलेली असते, आणि दर दहा-पंधरा बारांनी खूण असली तर ‘४१ वरून थेट ४६ वर’ एवढे सांगून भागते. खूण संगीताच्या वळणावर, म्हणजे नवा गायक येतो, लय बदलते किंवा वाक्य सुरू होते तिथे असावी. बरोबर दहाव्या बारावर वाक्याच्या मधोमध टाकलेली खूण कोणाच्याच उपयोगाची नसते.

सांगाड्यानंतर गळा. ऑर्केस्ट्राला हात लावण्याआधी सगळ्या गायकांच्या ओळी आणि त्यांचे शब्द संपूर्ण अंकभर भरून घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे. गायकांना पुस्तक सर्वांत आधी लागते हे एक कारण, आणि पानाची रुंदी ऑपेरात स्वर ठरवत नाहीत, शब्द ठरवतात, हे दुसरे. इंग्रजीतला ‘स्ट्रेंग्थ्स’ हा नऊ रोमन अक्षरांचा शब्द एकाच सिलेबलचा, म्हणजे एका झटक्यात उच्चारायच्या एकाच खंडाचा आहे. तो एखाद्या सिक्स्टीन्थ नावाच्या अगदी छोट्या स्वराखाली आला की तो स्वर शेजाऱ्यांपासून दूर ढकलला जातो, आणि त्याच्या वर-खाली असलेल्या पंचवीस स्टाफनाही त्या जागेचा हिशेब चुकवावा लागतो. आपल्याकडे शब्द एकमेकांवर चढत आहेत ते याच कारणाने : आपण आधी ऑर्केस्ट्राच्या सोयीने एका ओळीत किती बार बसतात ते पक्के केले आणि मग शब्द कोंबले. शब्द आधी असते तर प्रोग्रामने जागा स्वतःच सोडली असती. आताही हाताने एकेक सिलेबल सरकवू नका. ओळीतला एक बार पुढच्या ओळीत ढकला. तेवढ्याने नाही भागले तर गीतासाठी मुळातच थोडा अरुंद घडणीचा टंक निवडा. रुंद टंक यांत्रिकपणे दाबून अरुंद करणे टाळावे, कारण मंद उजेडात अशी अक्षरे चिकटलेली दिसतात.

शब्द भरताना लिब्रेटोची (ऑपेराच्या संहितेची) भाषा येत नसेल, तर भाषा जाणणाऱ्या माणसाकडून सिलेबलची तोड आधी तपासून घ्यावी. प्रोग्राममधल्या आपोआप तोडण्याच्या सोयीवर डोळे मिटून विसंबू नये. इटालियनमध्ये ‘एस’ आणि त्याला लागून आलेले व्यंजन हे दोन्ही पुढच्या सिलेबलबरोबर जातात, म्हणून ‘क्वेस्तो’ची तोड ‘क्वे-स्तो’ होते. जर्मनमध्ये १९९६ च्या लेखनसुधारणेपूर्वी ‘एस’ आणि ‘टी’ वेगळे करत नसत, आता करतात; म्हणून जुन्या आवृत्तीतली तोड नव्या आवृत्तीत चूक ठरते आणि नवी तोड जुन्या पुस्तकावर वाढलेल्या गायकाला खटकते. इटालियनमध्ये एका शब्दाचा शेवटचा स्वर आणि पुढच्याचा पहिला स्वर पुष्कळदा एकाच संगीतस्वरावर एकत्र गायले जातात. तिथे दोन्ही शब्द एकाच स्वराखाली ठेवून त्यांना खालून छोट्या कमानीने जोडायचे असते, नाहीतर पुढचे सगळे शब्द एकेक स्वर सरकतात आणि पाच पानांनंतर लक्षात येते. शब्दाच्या मध्ये लांबलेल्या तानेला जोडरेषा, आणि शब्द संपल्यावर लांबलेल्या स्वराला खालची सलग रेषा, हा भेदही गायक फार काटेकोरपणे वाचतात. शब्द संपला की नाही, श्वास घेता येईल की नाही, हे त्यांना त्यावरून कळते.

शब्द स्टाफच्या खाली असल्यामुळे गायकाच्या डायनॅमिक्सच्या (आवाज लहान-मोठा करण्याच्या) खुणा स्टाफच्या वर जातात. वाद्यांच्या त्या खाली असतात. रंगसूचना तिरप्या अक्षरांत गायकाच्या ओळीच्या वर, आणि पात्राचे नाव ठळक किंवा मोठ्या अक्षरांत, प्रवेशाच्या वेळी आणि लांब विश्रांतीनंतर पुन्हा. दोन पात्रे एकाच स्टाफवर गात असतील तर प्रत्येक वेळी नाव द्यावे. हे नियम लहान वाटतात, पण नव्वदाव्या पानावर ठरवून मागे फिरण्यापेक्षा पहिल्याच दिवशी साच्यात बसवून टाकावेत. प्रत्येक प्रकारच्या मजकुराला त्याची स्वतःची शैली द्यावी आणि सुटा मजकूर अजिबात वापरू नये; मग पुढे ‘रंगसूचना अर्ध्या पॉइंटने लहान करा’ असे कोणी म्हटले, तर ते एका जागी बदलून भागते.

गळा आणि शब्द झाले की पियानो. ऑर्केस्ट्रेशन झाले नसले, तरी संगीतकाराकडे पियानोचा मसुदा बहुधा असतोच. तो घ्यावा आणि पहिला व्होकल स्कोअर बाहेर काढावा. प्रत्येक पानावर मसुद्याची तारीख ठळक छापावी. गायक आणि पियानोवादक तो वापरू लागले की सुधारणांची पहिली खेप येते, आणि ती आपण ऑर्केस्ट्राचे स्वर भरत असतानाच येते, हा या क्रमाचा सर्वांत मोठा फायदा. तालमीच्या पियानोवादकाइतका बारकाईने स्कोअर वाचणारा माणूस आपल्याला पैसे देऊनही मिळणार नाही.

ऑर्केस्ट्राचे स्वर मी पानामागून पान असे उभे भरत नाही, वाद्यामागून वाद्य असे आडवे भरतो. एका प्रवेशाची पहिली व्हायोलिन शेवटपर्यंत, मग दुसरी, असे. हाताला एकाच क्लेफची (स्टाफवर कोणत्या रेषेवर कोणता स्वर हे ठरवणाऱ्या चिन्हाची) सवय राहते, वादकाची ओळ त्याच्या नजरेने वाचली जाते, आणि ‘पिझ्झिकातो’ (बोटाने तार छेडा) म्हटले पण ‘आर्को’ (पुन्हा गजाने वाजवा) म्हणायचे राहून गेले, अशी हस्तलिखितातली चूक तिथल्या तिथे दिसते. तंतुवाद्ये आधी घ्यावीत, कारण बहुतेक ऑपेरांत ती जवळजवळ सतत वाजतात आणि बाकीचे वादन त्यांच्याशी ताडून पाहता येते.

फाइल एक ठेवावी की अनेक? सिबेलियस किंवा म्यूझस्कोअरमध्ये मी निदान अंकाची, आणि अंक मोठा असेल तर प्रवेशाची वेगळी फाइल ठेवतो. सर्व फाइली एकाच साच्यातून, वाद्यांची तीच यादी आणि तोच क्रम राखून. तोटा असा, की पार्ट जोडताना प्रत्येक फाइल नव्या पानावर सुरू होते आणि पृष्ठांक हाताने सांधावे लागतात. डोरिकोत एका प्रकल्पात सगळे खंड ठेवले तर पार्टमध्ये एक गाणे संपले त्याच पानावर पुढचे सुरू करता येते, पण संगणक तेवढा दमदार हवा. यात सार्वत्रिक नियम नाही. नोंद केल्यावर स्वर पडद्यावर उमटायला लक्षात येण्याजोगा वेळ लागू लागला, की फाइल फोडायची वेळ झाली, एवढाच माझा निकष आहे. आपल्या फाइलमध्ये ती वेळ आधीच येऊन गेलेली दिसते. फोडण्याआधी मूळ फाइलची तारखेसह प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि यापुढे दररोज ठेवत जा.

पानाचा हिशेब आता येतो, आणि तो कागदावर पेन्सिलीने करण्याचा आहे. धातूच्या पत्र्यावर ठोकणीने आणि कोरणीने, तेही उलटे, संगीत कोरणारे कारागीर एकही रेघ ओढण्याआधी कोणत्या पानावर किती बार येणार हे मोजून काढत. कारण पत्र्यावर मागे फिरणे महागात पडे. संगणकावर मागे फिरणे फुकट झाले म्हणून आपण मोजणे सोडले, आणि त्याची किंमत आता वेगळ्या रूपात मोजतो.

आपला ऑर्केस्ट्रा असा धरू : चार प्रकारची लाकडी फुंकवाद्ये जोडीने, प्रत्येक जोडीला एक स्टाफ, म्हणजे ४; हॉर्नचे २, ट्रम्पेटचा १, ट्रॉम्बोन आणि ट्यूबाचे २, टिंपनीचा १, इतर तालवाद्यांचे २, हार्पचे २ आणि तंतुवाद्यांचे ५. झाले १९. त्यांत एकल गायकांचे ४ आणि कोरसचे ४ मिळवले की सर्वांत गर्दीच्या पानावर २७ स्टाफ येतात. ए३ कागदाची उंची ४२० मिलिमीटर. वर-खाली पंधरा-पंधरा मिलिमीटर समास सोडला की ३९० उरतात. म्हणजे प्रत्येक स्टाफच्या वाट्याला सुमारे १४.४ मिलिमीटर. स्टाफची स्वतःची उंची ४.८ ठेवली तर दोन स्टाफमध्ये ९.६, म्हणजे त्याच्या दुप्पट जागा राहते, आणि हे प्रमाण मला सुखाचे वाटते. आता तोच ऑर्केस्ट्रा प्रत्येक फुंकवाद्याला स्वतंत्र स्टाफ देऊन मांडला, तर आठ लाकडी वाद्ये, चार हॉर्न, दोन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन आणि ट्यूबा धरून बेरीज ३६ वर जाते आणि वाट्याला ११ मिलिमीटरही येत नाहीत. कंडक्टर स्टँडपासून हातभर अंतरावर उभा असतो, सभागृहात अंधार असतो, आणि त्याची नजर पानावर क्षणभरच पडते. म्हणून जोडीची वाद्ये एका स्टाफवर आणण्याचा निर्णय हा केवळ नीटनेटकेपणाचा नाही.

स्टाफचा आकार नेहमी सर्वांत गर्दीच्या पानावरून ठरवावा, पहिल्या पानावरून नव्हे. १७८६ साली व्हिएन्नात पहिल्यांदा रंगमंचावर आलेल्या मोझार्टच्या ‘ले नोत्झे दी फिगारो’च्या दुसऱ्या अंकाचा शेवट याचे उत्तम उदाहरण आहे. नऊशेहून अधिक बारांचा हा भाग काउंट आणि काउंटेस यांच्या दोन आवाजांनी सुरू होतो, मग सुझाना येते, मग फिगारो, मग माळी, आणि अखेरीस सात आवाज एकत्र गातात. पहिल्या पानावर ऐसपैस स्टाफ ठेवला तर शेवटच्या पानांवर तो मावत नाही. शेवटाच्या हिशेबाने ठेवला तर सुरुवातीला रिकामे स्टाफ लपवून एका पानावर दोन ओळी (सगळ्या स्टाफचे दोन गट, एकाखाली एक) घेता येतात आणि पाने वाचतात. दोन ओळी घेतल्या की त्यांच्यामध्ये डावीकडे दोन तिरप्या जाड रेघांची विभाजक खूण हवीच. ती नसेल तर घाईत कंडक्टर दोन्ही मिळून एकच ओळ समजू शकतो. स्टाफ लपवतानाही तारतम्य ठेवावे. एका पानावर ओबो आहे, पुढच्यावर नाही, त्यापुढच्यावर पुन्हा आहे, असे झाले तर नजरेला प्रत्येक पानावर वाद्य नव्याने शोधावे लागते. दोन-तीन पानांपुरते रिकामे राहत असेल तर मी वाद्य सरळ दिसू देतो. गायकांच्या ओळी तंतुवाद्यांच्या लगेच वर येतात, आणि लयीची सूचना पानाच्या डोक्यावर एकदा व पहिल्या व्हायोलिनच्या वर पुन्हा एकदा द्यावी.

पाने किती होतील? दोन तासांच्या ऑपेरात तीन हजार बार धरले आणि पानाला सरासरी सात बसले, तर सव्वाचारशेच्या वर पाने होतात. दोन ओळींची पाने निघाली तर कमी. माझ्या हाताने गर्दीचे एक पान स्वर, खुणा, मुद्रितशोधन आणि मांडणी धरून दीड-दोन तास घेते, तर फक्त गायक आणि साथ असलेले रेसिटेटिव्हचे (बोलल्यासारख्या गायनाचे) पान अर्ध्या तासाच्या आत होते. आपला वेग मोजून घ्या आणि संगीतकाराला तारीख त्यानंतरच द्या.

काही जागी मात्र साधनाची निवड खरोखरच महत्त्वाची ठरते. मोझार्टच्याच १७८७ सालच्या ‘दोन जोव्हान्नी’च्या पहिल्या अंकाच्या शेवटी रंगमंचावरचे तीन वाद्यवृंद एकाच वेळी ३/४, २/४ आणि ३/८ या तीन तालांत तीन वेगवेगळे नाच वाजवतात, आणि त्यांच्या बाररेषा सगळीकडे जुळत नाहीत. आपल्या ऑपेरात असे काही असेल तर डोरिकोत प्रत्येक वादकाला स्वतंत्र तालचिन्ह सरळ देता येते. सिबेलियसमध्ये तेच बाररेषा हाताने रंगवून आणि बार लपवून साधावे लागते, आणि अशा ठिकाणी पार्ट काढताना घोडे पेंड खाते. असा प्रवेश एखादाच असेल तर मी साधन बदलत नाही. तेवढा प्रवेश वेगळ्या फाइलमध्ये करतो.

मुद्रितशोधन पडद्यावर करू नका. पडद्यावर स्टाफच्या रेषा जाड-बारीक दिसतात, त्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. ४.८ मिलिमीटरच्या स्टाफमध्ये दोन रेषांतले अंतर १.२ मिलिमीटर असते आणि ब्राव्हुरा या प्रचलित संगीत टंकाच्या मापाने रेषेची जाडी त्याच्या ०.१३ पट, म्हणजे सुमारे ०.१६ मिलिमीटर भरते. ६०० डीपीआयच्या प्रिंटरवर ते तीन-चार ठिपके होतात आणि रेषा स्वच्छ उमटते. एक पान छापा, स्टँडवर ठेवा, दिवे मंद करा आणि उभ्याने वाचा. मग तपासणी दोनदा : एकदा आडवी, वाद्यामागून वाद्य, आणि एकदा उभी, बारामागून बार. आडव्या वाचनात मी जोडीच्या खुणा शोधतो. म्यूट (आवाज दबवणारे साधन) लावला तर काढला का, विभागलेली व्हायोलिने पुन्हा एक झाली का, पिकोलो घेतलेल्या वादकाने परत बासरी घेतली का आणि मध्ये त्याला वाद्य बदलायला वेळ मिळाला का, विश्रांतीनंतर दोघे वाजवणार की एकटा पहिला. प्रोग्रामने वाजवून दाखवलेले संगीत हस्तलिखित हातात धरून, एका वेळी एकच वाद्यसमूह सुरू ठेवून ऐकले तर चुकीचे स्वर पकडायला फार मदत होते. पण एफ शार्प आणि जी फ्लॅट त्याला सारखेच ऐकू येतात, आणि शब्द तर ऐकूच येत नाहीत. गीत कोणाला तरी मोठ्याने वाचायला लावावे आणि आपण स्कोअरवर बोट ठेवावे.

पार्टबद्दल आपण विचारलेले नाही, पण ते डोळ्यांसमोर ठेवूनच स्कोअर करावा लागतो. पार्टमध्ये स्टाफ ७ मिलिमीटरच्या आसपास हवा, आणि उजव्या हाताच्या पानाच्या शेवटी पान उलटण्याएवढी विश्रांती हवी. ती मिळत नसेल तर अर्धे पान कोरे सोडायला लाजू नका. ऑपेराच्या पार्टचे खरे वैशिष्ट्य म्हणजे गायकाच्या ओळीचे छोटे सूचक स्वर. सिम्फनीत वादक चाळीस बारांची विश्रांती मोजून काढतो; ऑपेरात गायक थांबतो, श्वास घेतो, प्रेक्षक हसतात, आणि मोजणी वाहून जाते. म्हणून लांब विश्रांतीनंतरच्या प्रवेशाआधी गायकाचे शेवटचे दोन-तीन बार शब्दांसह छोट्या टंकात द्यावेत, वादकाच्या स्वतःच्या क्लेफमध्ये आणि त्याच्या वाद्याच्या पट्टीत. रेसिटेटिव्हमध्ये तर तंतुवाद्यांच्या पार्टवर गायकाची ओळ सलगच द्यावी. ज्या गाण्यात वादकाला काम नाही त्याचेही नाव आणि ‘तासेत’ ही सूचना पार्टमध्ये हवी, नाहीतर टाळ्या नेमक्या कोणत्या गाण्यानंतर वाजल्या हे त्याला कळत नाही. हे सूचक स्वर गायकांच्या पक्क्या ओळींतूनच येतात, आणि गळा आधी भरून घेण्याचे हे आणखी एक कारण.

आता आपली नव्वद पाने. ती वाया गेलेली नाहीत. फाइलची प्रत घ्या. तीमधल्या हाताने सरकवलेल्या सर्व जागा प्रोग्रामच्या आज्ञेने मूळ स्थितीत आणा आणि हाताने पक्के केलेले पान-ओळींचे सर्व तोड काढून टाका. पान विस्कटलेले दिसेल, दिसू द्या. आपण जे वाचवतो आहोत ते स्वर आहेत. मग उरलेल्या पहिल्या अंकाचे रिकामे बार त्याच फाइलच्या शेवटी जोडून सांगाडा पुरा करा आणि शंकांची यादी संगीतकाराला पाठवा. उत्तरे येईपर्यंत ऑर्केस्ट्राचे स्टाफ दृष्टीआड ठेवून नव्वदाव्या पानापुढच्या गायकांच्या ओळी आणि शब्द भरत राहा. पहिल्या अंकाचा व्होकल स्कोअर पियानोवादकाच्या हाती पडेल तेव्हाही पूर्ण स्कोअरचे एकही पान सजलेले नसेल, आणि तोवर ते कोणी मागणारही नाही.